खडीसाखरेच्या डबीतली दाढ

मित्रांनो, मी एक जुनी दुधाची दाढ आहे. माझ्या डोक्यावर पोलादाची चकचकीत टोपी आहे, पाय मला उरलेले नाहीत आणि माझा मुक्काम पितळेच्या एका लहानशा डबीत असतो. ही डबी भजनाच्या पेटीच्या खोक्यात असते. खोकं चारकोपच्या एका बैठ्या घरात, दत्तारामबुवांच्या खाटेखाली. पेटीच्या शेजारी दाढ कशाला, असं म्हणून हसू नका. माझी हकीगत ऐकलीत तर तुम्हीच म्हणाल की हिची जागा तिथेच.

माझा जन्म निधीच्या तोंडात झाला. डाव्या बाजूला, खालच्या रांगेत, अगदी शेवटी. निधी तेव्हा दोन वर्षांची होऊन गेली होती. पुढचे दात माझ्या कितीतरी आधी येऊन बसले होते आणि त्यांचं कोण कौतुक झालं होतं! पहिला दात दिसला तेव्हा निधीच्या आईने, मानसीने, त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. माझ्या वेळी नुसती लाळ, अंगात कणकण आणि घरभर किरकिर. माझा फोटो कोण काढतंय! हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असं म्हणतात. माणसांचंही फार निराळं नसतं.

एका माणसाने मात्र माझी दखल घेतली. ते निधीचे आजोबा, दत्तारामबुवा. त्यांनी हिरडी चाचपायला तिच्या तोंडात बोट घातलं आणि मी ते कचकन चावलं. बुवा ओरडले, आणि मग हसत सुटले.

"अगो मानसी, दाढ इली! ह्या चेडू आता चणे फोडतला बघ!"

ते शब्द मी कधी विसरले नाही. मी मनापासून कामाला लागले. भाकरीचा कडक पापुद्रा, सुकटीची चटणी, ओल्या काजूची उसळ, बुवांच्या चुलतभावाने गावाहून पाठवलेले फणसाचे तळलेले गरे, जे पुढ्यात आलं ते दळून दिलं. पुढचे दात तुकडा तोडून मोकळे व्हायचे, पुढचं सगळं आमच्याकडे. मला त्यात कमीपणा वाटला नाही. दळणारणीला दळण्याचाच आनंद असतो.

आणखी एक गोष्ट मला जन्मापासून जाणवत होती. माझ्या पायांच्या बेचक्यात, खाली हाडाच्या आत, कुणीतरी झोपलेलं होतं. अगदी इवलंसं. ते कोण, कशासाठी आलंय, हे मला कळत नव्हतं. पण आपल्या पायाशी कुणी झोपलं असलं की आपण जसं जपून पाऊल टाकतो, तशी मी जपून उभी राहायचे.

आता बुवांविषयी सांगायला हवं. बुवा मूळचे मालवणकडचे, लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद झाली आणि ते चारकोपला आले. नोकरी सुटली, पण भजन सुटलं नाही. डबलबारीच्या मैदानात त्यांचं नाव होतं. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. समोरासमोर दोन मंडळं बसतात, एकाने गायचं, कोपरखळी मारायची, दुसऱ्याने गाण्यातून नाहीतर बोलण्यातून तिला उत्तर द्यायचं. माणसं ऐकायला इतकी लोटतात की दुपारपासूनच पुढच्या रांगेत चटया टाकून जागा धरल्या जातात.

एवढा वेळ गायचं तर गळा ओला हवा. म्हणून भजनी बुवांची एक जुनी रीत आहे, खडीसाखरेचा खडा गालात धरायचा. चावायचा नाही. तो आपोआप विरघळत राहतो आणि घसा कोरडा पडत नाही. दत्तारामबुवांच्या सदऱ्याच्या खिशात त्यासाठी पितळेची एक डबी कायम असायची. होय, हीच डबी.

निधीचे बाबा, नितेश, सांताक्रूझला विमानतळावर मालाच्या विभागात पाळीने कामाला. आई कांदिवलीत औषधांच्या दुकानात. तेव्हा निधी दिवसभर आजोबांजवळ. आजोबा पेटी काढायचे, ही समोर मांडी ठोकायची. आजोबा सूर लावायचे, ही पण लावायची. चार वर्षांची होण्याआधीच तिला टाळ ठेक्यात धरता यायला लागला होता. आणि आजोबांनी डबी उघडली की हिचाही हात पुढे.

"बुवाची नात ती," असं म्हणत आजोबा तिच्या तळहातावर खडा ठेवायचे. "चावू नको हां. गालात धर. गळो कसो घंटेसारखो वाजतलो!"

निधीने तो खडा कुठे ठेवावा? डाव्या गालात. माझ्या अगदी कडेला.

सुरुवातीला मला गंमत वाटली. गोड कुणाला आवडत नाही? पण मित्रांनो, जेवताना खाल्लेलं गोड येतं आणि जातं. हा पाहुणा उठायचंच नाव घेईना. सकाळच्या रियाजाला एक खडा, दुपारी पाटीवर अक्षरं गिरवताना एक, संध्याकाळच्या तालमीला एक. दिवसभर माझ्या अंगावरून पाक वाहत असायचा. ब्रश म्हणाल तर सकाळी घाईघाईत फिरायचा तो पुढच्या दातांवर. फोटोत दिसणाऱ्या मंडळींची आंघोळ व्हायची, आम्ही पारोशाच. घरात चॉकलेट येत नव्हतं, लॉलीपॉप येत नव्हता, म्हणून सगळे निर्धास्त होते.

गोडाच्या वासावर कीड आलीच. आधी माझ्या डोक्यावर एक तपकिरी ठिपका पडला. मग खड्डा. मग त्या खड्ड्यात जेवण अडकायला लागलं. थंड पाणी लागलं की माझ्या पोटातून कळ निघायची आणि ती निधीच्या कानापर्यंत जायची. पोर मोठी शहाणी. तिने कुणाला सांगितलंच नाही. उजव्या बाजूने चावायला शिकली आणि दुखणं अंगावर काढलं. कारण माघी गणपतीत बुवांची बारी ठरली होती, अनंताबुवांसमोर, आणि त्यात एक गजर निधीने गायचा असं आजोबांनी कबूल केलं होतं. दात दुखतो म्हटलं तर आजोबा गाऊ देणार नाहीत, ही तिची भीती.

पण दुखणं झाकून किती दिवस झाकणार? एका संध्याकाळी तालीम भरली होती. मृदंग लागला, झांजा लागल्या, निधी वरच्या सुरावर गेली आणि तिचं तोंड उघडेनाच. सूर अर्ध्यातच तुटला. आजोबांनी पेटी थांबवली. दिव्याखाली तिचा चेहरा धरला तर डावा गाल टम्म फुगलेला. माझ्या मुळांशी पू झाला होता. निधी रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "आजोबा, मी उद्या म्हणेन ना. आज नको."

मानसी कामावरून आली आणि तिने कपाळाला हात लावला. आजोबा म्हणाले, "दुधाची दाढ ती. आज ना उद्या पडायचीच. काढून टाकूया, झाला!" मानसी म्हणाली, "बाबा, आधी डॉक्टरांना दाखवू. त्या काय म्हणतील ते करू." मित्रांनो, त्या रात्री मला पहिल्यांदा भीती वाटली. माझ्या स्वतःसाठी वाटली, हे तर खरंच. पण माझ्या पायाशी झोपलेल्याचं काय होणार, ही भीती त्याहून मोठी होती.

दुसऱ्या दिवशी तिघं रिक्षाने बोरिवलीला गेली. तिथे लहान मुलांच्या दातांच्या एक डॉक्टर होत्या, अनुपमाताई. त्यांच्यासारखी माणसं मी पुढे पाहिली नाहीत. तसं मी तोंडातून किती जग पाहणार म्हणा, पण जेवढं पाहिलं त्यात तरी नाहीच.

निधी खुर्चीत बसली ती ओठ घट्ट मिटून. मानसीने समजावलं, दातांच्या कण्या केल्या, पण ओठ हलले नाहीत. डॉक्टरांनी एकाही हत्याराला हात लावला नाही. स्टूल ओढून त्या निधीच्या उंचीला बसल्या.

"तुझे आजोबा बुवा आहेत म्हणे. मला बाई गाण्यातलं काही कळत नाही. गाताना पहिल्यांदा तोंड कसं उघडतात गं?"

निधीने आजोबांकडे पाहिलं. गाण्याचा विषय निघाल्यावर बुवा कसले गप्प बसतात!

"आकार लावतत. दाखव गो त्येंका!"

आणि निधीने 'आऽऽ' असा आकार लावला. गाल सुजलेला, तोंड अर्धंच उघडत होतं, पण सूर मात्र लख्ख. त्या एका श्वासात डॉक्टरांचा इवलासा आरसा आत येऊन सगळीकडे फिरूनही गेला. "वा! अजून एकदा लावतेस?" दुसऱ्या आकारात त्यांनी मला नीट न्याहाळलं. इतक्या हळुवारपणे मला तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

"गोड काय काय खाते?" त्यांनी विचारलं.

बुवांची छाती फुगली. "चॉकलेट नाय, गोळी नाय, पेप्सी नाय. आमच्या घरात तसला कायच येणा नाय!"

डॉक्टर थोड्या बुचकळ्यात पडल्या. मग एक्स-रे काढायचा ठरला. ते यंत्र जवळ आलेलं पाहून निधीचे डोळे भरून आले. आजोबांचा जीव कासावीस झाला. त्यांनी झटकन खिशातून पितळेची डबी काढली, उघडली आणि एक खडा तिच्यापुढे धरला. "घे बाय, घे. घाबरू नको."

"आजोबा, हे काय?"

"खडीसाखर. देवाच्या पुढ्यातली."

"चावून खाते?"

"छे छे! चावायची नसता ती. गालात धरून ठेवायची. मी तिका लहानपणापासून तशीच सवय लावलंय. कितीतरी वेळ पुरता!" बुवा अभिमानाने म्हणाले.

"कुठल्या गालात धरतेस गं, निधी?"

निधीने बोट ठेवलं. सुजलेल्या गालावर.

बुवांचा डबी धरलेला हात तसाच राहिला. त्यांच्या स्वतःच्या गालातही तेव्हा एक खडा होता. तो त्यांनी हळूच रुमालात काढला. त्यांना कधी शंका आली नव्हती, कारण त्यांच्या तोंडात होती कवळी, आणि कवळीला कीड लागत नाही. पण ती कवळी मुळात का बसवावी लागली, हे बहुधा त्यांना तिथे, त्या क्षणी उमगलं असावं. माणूस केवढा, आणि केवढासा होऊन उभा राहिला.

डॉक्टरांनी त्यांना एका शब्दाने दुखावलं नाही. "तुम्ही मायेने दिलीत, आजोबा. दातांना फक्त गोड किती खाल्लं ते कळत नाही. ते तोंडात किती वेळ राहिलं, तेही कळतं."

"मग काढूनच टाका ती," बुवा डबी मिटत म्हणाले. "माझ्यापायी झाला सगळा. दुधाची दाढ, पडायचीच हा. पोराचे हाल नको."

डॉक्टरांनी एक्स-रे पडद्यावर लावला. "ही दाढ. आणि हे बघा, तिच्या पायांत काय दिसतंय?"

मित्रांनो, तेव्हा मला कळलं. माझ्या पायाशी जी झोपली होती, ती निधीची कायमची दाढ होती. माझ्या जागी येणारी. पडद्यावर ती ढगातल्या चांदणीसारखी पुसट दिसत होती.

"हिला बाहेर यायला अजून पाच-सहा वर्षं आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "आणि मागे बघा, एक मोठी दाढ निघायच्या बेतात आहे. मधली जागा रिकामी दिसली की ती पुढे सरकणार. मग या खालचीने यायचं कुठून? अगदीच वाचत नसेल तर आपण दाढ काढतो आणि तारेची कडी बसवून जागा धरतो. पण ही वाचेल. हिची मुळं अजून चांगली आहेत. रूट कॅनल करू."

"दुधाच्या दाढेचा रूट कॅनल?" मानसीला हे नवीनच होतं.

बुवा मात्र पडद्याकडे टक लावून बघत होते. मग ते हळूहळू बोलले, जणू स्वतःलाच समजावत होते. "म्हणजे बारीच्या चटईसारखा म्हणा. दुपारी चटई टाकली आणि माणूस उठून गेला, की बाजूचो सरकत सरकत चटईवर येता. मग ज्याच्यासाठी जागा धरली तो उभोच. चटईवर माणूस बसूनच रवाक व्हया."

डॉक्टरांना हसू आलं. "अगदी तसंच, आजोबा. आणि या चटईवर बसायला हिच्याइतकं चांगलं माणूस मिळणार नाही."

मला कुणी चांगलं म्हटलं ते 'चणे फोडतला' नंतर त्या दिवशीच.

आधी काही दिवस औषध दिलं. सूज उतरली, मग आम्ही पुन्हा त्या खुर्चीत. डॉक्टरांनी निधीला प्रत्येक वस्तू आधी दाखवली, बोटावर फिरवून दाखवली, मगच तोंडात आणली. पाण्याचा फवारा नखावर उडवून दाखवला तेव्हा ती हसलीसुद्धा. "आता दाढेला झोपवते. थोडं टोचल्यासारखं होईल, मी खोटं सांगणार नाही. आणि दुखलं तर डावा हात वर कर. मी थांबेन."

हिरडीला गार जेलीसारखं औषध लावलं, मग सुई. मी बधिर होऊ लागले. माझ्याभोवती रबराचा एक पातळ पडदा ताणून बसवला, त्याच्या भोकातून मी एकटीच वर. फवारा सुरू झाला आणि निधीने हात वर केला. डॉक्टर तत्क्षणी थांबल्या. "दुखलं?" निधीने मान हलवली, नाही. तिला फक्त बघायचं होतं, ही बाई खरंच थांबते का. त्यानंतर तिने हात वर केला नाही. पाच वर्षांच्या पोरीने माणूस पारखला, आणि डॉक्टरही त्या परीक्षेला उतरल्या. मला दोघींचा अभिमान वाटला.

आजोबा पायथ्याशी उभे होते. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी निधीच्या तळपायावर बोटांनी ठेका धरला. जरा वेळाने डॉक्टर मान वर न करता म्हणाल्या, "आजोबा, लय वाढवू नका हां. माझा हात तुमच्याबरोबर धावायला लागलाय!" मानसीला हसू आवरेना. बुवांनी ठेका उतरवला आणि तसाच संथ शेवटपर्यंत चालू ठेवला.

तेवढ्या वेळात डॉक्टरांनी माझ्यातली कीड खरवडून काढली. माझ्या पोटात एक नाजूक नस होती. तिच्यातूनच मला गार, गरम, दुखणं, सगळं कळायचं. ती सडली होती. सुईहून बारीक हत्यारांनी त्यांनी ती ओढून काढली, माझे पाय आतून धुतले, सुकवले आणि त्यांत मऊ मलम भरलं. काम चालू असतानाच त्या मानसीला सांगत होत्या, "मोठ्यांच्या दातात पक्कं भरतात, तसं इथे भरून चालत नाही. या दाढेची मुळं पुढे आपणहून झिजत जातील. हे मलमही त्यांच्याबरोबर विरघळेल. म्हणजे खालचीची वाट अडणार नाही."

बघा, जी अजून जन्मली नव्हती तिच्या वाटेचीसुद्धा त्या काळजी करत होत्या.

पुढच्या खेपेला मला ही पोलादी टोपी बसवली. निधीने दात आवळले आणि टोपी कट्‌कन बसली. त्यानंतर मला ना गार कळलं ना गरम. नस गेली ती गेलीच. कधी कधी आमरसाच्या गारव्याची आठवण यायची. पण माझ्याने दळणं होत होतं, आणि जागा मी सोडली नव्हती. आणखी काय हवं?

घरी आल्यावर बुवांनी डबीतली खडीसाखर देवापुढच्या वाटीत रिकामी केली. प्रसाद म्हणून एकेक खडा मिळायचा, तोही जेवण झाल्यावर, चावून, वर चूळ भरून. गाताना कोमट पाण्याचा तांब्या जवळ. ज्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता होता, त्यांनी तो नातीसाठी सोडला, स्वतःच्या तोंडात एकही दात नसताना. रात्री मोरीपाशी आजोबा-नात शेजारी उभे राहायचे. आजोबा हातात धरून कवळी घासायचे, नात दात घासायची. "मागसून घास गो, मागसून! पुढचे काय, ते फोटोवाले," असं ते रोज म्हणायचे आणि मी टोपीखाली खूश व्हायचे.

माघी गणपतीची बारी आली. निधीने गजराला तोंड उघडलं आणि मंडपातल्या दिव्यांत मी चमकले. अनंताबुवा असली संधी सोडणारे नव्हेत. आपली पाळी येताच माईक धरून म्हणाले, "काय ओ दत्तारामबुवा! नातीच्या तोंडात टोप बसवलात तो कित्याक? भात शिजवूक?"

मंडप हसून लोटपोट झाला. निधीचे ओठ मिटले. मी घाबरले, पोर आता गप्प बसली तर? बुवांनी घाई केली नाही. पेटीवर एक सूर दाबून धरला आणि म्हणाले, "बुवांनू, ती चटईवर बसलेली बाय हा. मागसून जी येतली तिची जागा धरून बसली हा. तुमची माणसा दुपारपासून पुढच्या रांगेत बसलीहत ना, तशीच! त्येंका कोण हसता काय?"

पुढच्या रांगेतली माणसं सगळ्यात मोठ्याने हसली. अनंताबुवांनी तिथल्या तिथे कान पकडले. आणि निधीने तोंड उघडलं, मघापेक्षाही मोठं, आणि गजर असा उचलला की दोन्ही मंडळांच्या झांजा तिच्यामागे वाजल्या.

नंतरची वर्षं भराभर गेली. मागची मोठी दाढ आली, तिने पुढे सरकायचा प्रयत्न करून पाहिला. मी हलले नाही. मग माझ्या पायाशी हालचाल सुरू झाली. झोपलेली जागी झाली होती. ती जसजशी वर येऊ लागली तसतसे माझे पाय विरघळू लागले, आणि त्यांच्यातलं ते मलमही. दुखलं नाही. ज्या दिवसासाठी उभी होते तो दिवस आला, एवढंच मनात होतं.

निधी पाचवीत असताना एका रविवारी, रियाजात, आलापाच्या मध्येच मी तिच्या तळहातावर पडले. तिने आलाप पुरा केला आणि मगच हात उघडून दाखवला. रीत अशी आहे की पडलेला दात कौलावर टाकायचा. चारकोपच्या घरावर पत्रे, तरी मानसीने विचारलं, "पत्र्यावर टाकू का, बाबा?"

"नाय," बुवा म्हणाले. त्यांनी रिकामी डबी आणली, पुसली आणि मला तिच्यात ठेवलं. तेव्हापासून मी इथे आहे. शेजारीपाजारी कुणी म्हणालं की दुधाचाच दात किडलाय, पडेल आपोआप, की बुवा डबी उघडून माझी सगळी हकीगत त्यांना ऐकवतात. ऐकणाऱ्याची सुटका नसते.

मित्रांनो, म्हणूनच तुम्हालाही सांगते. आम्ही थोड्या दिवसांच्या पाहुण्या आहोत म्हणून आम्हाला टाकून देऊ नका. मागच्या दाढांवरूनही ब्रश फिरवा. गोड खा, पण जेवणाबरोबर खा, आणि वर चूळ भरा. दुखलं तर निधीसारखं लपवू नका, त्याच दिवशी आईला सांगा. आणि वेळेआधी आम्हाला उठवू नका, आमच्या पायाशी कुणीतरी झोपलेलं असतं.

परवाचीच गोष्ट. तालीम होती. बुवांचा आवाज आता थकलाय, वरच्या सुराला कापतो. त्यांनी खोकं उघडलं, पेटी काढली, माझी डबी उघडून पेटीवर ठेवली. मग ते आपल्या रोजच्या जागी बसले नाहीत. चटईवर थोडे बाजूला सरकले आणि मधल्या जागेवर हात थोपटून म्हणाले, "निधी, हय बस. पेटी धर."

"मी? आणि तुम्ही, आजोबा?"

"मी टाळ धरतंय. बस गो. तुझीच जागा ती."

निधी बसली. तिने पेटीचा भाता उघडला, सूर धरला आणि आकारासाठी तोंड उघडलं. डबीतून मी वर पाहिलं. डाव्या बाजूला, खालच्या रांगेत, माझ्या जागेवर ती उभी होती. सरळ, पांढरीशुभ्र, कुणालाही न रेटता. इतकी वर्षं ती माझ्या पायाशी होती, पण तिचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.